अरबी हवेचा इंग्रजी धडा

माझे भांडण एका धड्याशी आहे. माणसांशी भांडायला आपल्याला निमित्ते पुष्कळ सापडतात. दिवाळीच्या दिवसांत ती बाजूला ठेवलेली बरी. पण धडा बिचारा उलट उत्तर देत नाही. त्याच्याशी सणासुदीलाही खुशाल भांडावे.

हा धडा अरबी भाषेच्या प्रवेशिकांत असतो. नवशिक्यांसाठी इंग्रजीतून लिहिलेली जी जी अरबी प्रवेशिका माझ्या हाती आली, तिच्या चौथ्या-पाचव्या पाठात तो हटकून भेटला. नाव, ‘हवेविषयी बोलणे’. एक गृहस्थ दुसऱ्याला विचारतो, “कैफ अत्-तक्स अल्-यौम?” म्हणजे आज हवा कशी आहे? दुसरा उत्तरतो, “अत्-तक्स जमील. अश्-शम्स मुश्रिका.” हवा सुंदर आहे, सूर्य प्रकाशतो आहे. यावर पहिला हर्षभरित होतो आणि दोघे बागेत फिरायला जातात. शेजारच्या चित्रात बहुधा एक कारंजे असते.

वाचकहो, हे अरबस्तान आहे असे आपल्याला वाटते का? मला तर हे लंडन दिसते. तिथे महिनामहिना सूर्याचे तोंड दिसत नाही, म्हणून तो दिसला की माणसे एकमेकांचे अभिनंदन करतात. ते त्यांना शोभते. पण त्याच दोन गृहस्थांच्या डोक्यांना रुमाल गुंडाळून त्यांना जुलै महिन्यात कुवेतच्या रस्त्यावर उभे करायचे आणि ‘सूर्य प्रकाशतो आहे, काय सुंदर हवा!’ असे त्यांच्याकडून वदवायचे, हा कुठला न्याय? कुवेतमधल्या मित्रिबा या ठिकाणी 21 जुलै 2016 रोजी पारा 53.9 अंशांवर गेला होता. जागतिक हवामान संघटनेने पुढे 2019 साली तो आकडा तपासून मान्य केला. त्या दिवशी तिथे सूर्य प्रकाशत होता खरा, पण बागेत फिरायला कोणी निघाले असेल असे मला वाटत नाही.

हा वाद मी हौसेने काढलेला नाही. मुंबईच्या एका कचेरीत कारकुनी करता करता मी अरबी शिकलो आणि निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी आखातात नोकरीला निघालेल्या मुलांना ती जमेल तेवढी शिकवतो. गवंडी, सुतार, वेल्डर, ड्रायव्हर अशी ही मुले. पुष्कळशी खेड, चिपळूण, महाड, श्रीवर्धन या बाजूची. अलीकडे देशावरचीही येऊ लागली आहेत. मराठीतून शिकलेली ही पोरे हातात इंग्रजी प्रवेशिका घेऊन येतात. म्हणजे एक न येणारी भाषा दुसऱ्या अर्धवट येणाऱ्या भाषेच्या चष्म्यातून पाहायची! शेजारच्या घरी जायला सातासमुद्रांचा वळसा घालावा, तसला हा प्रकार.

आणि घर खरोखरीच शेजारचे आहे. आखातातले लोक चांगली हवा कशाला म्हणतात, तेच पाहा. आभाळ भरून आले, वारा गार सुटला, चार थेंब पडले की तिथला माणूस खूश होऊन म्हणतो, “अल्-जव्व हिलू!” जव्व म्हणजे हवा, वातावरण, हिलू म्हणजे गोड. ज्या अरबी धातूपासून हा हिलू आला, त्याच धातूपासून आपला हलवा आला आहे. संक्रांतीला ज्या घरात हलव्याचे दागिने होतात, त्या घरातल्या मुलीला ‘हवा गोड आहे’ हे वाक्य पाठ करावे लागेल का? आणि वैशाखाच्या उन्हात होरपळून निघालेल्या आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला विचारा, सुंदर हवा कोणती? तो ढगाकडेच बोट दाखवील. म्हणजे अरबाची आणि आपली हवेविषयीची आवड एक, आणि मध्येच हा इंग्रज येऊन दोघांनाही ऊन आवडत असल्याचे सांगतो.

नुसती आवडच एक आहे असे नाही, बोलण्याची रीतही एक आहे. फार दिवसांनी लेकरू दिसले की आपण म्हणतो, डोळे निवले. अरबी माणूस आपल्या लाडक्या अपत्याला ‘कुर्रत अल्-ऐन’ म्हणतो, आणि जुने भाष्यकार त्याचा अर्थ सांगतात डोळ्यांचा गारवा. चांगली बातमी ऐकली की तो म्हणतो, या बातमीने माझ्या छातीत बर्फ घातले. आपणही ‘काळीज थंड झाले’ असे म्हणतोच. इंग्रजाला प्रेम ऊबदार वाटते, कारण तो थंडीने काकडलेला. आपल्याला आणि अरबाला ते गार वाटते, कारण आपण दोघेही उन्हाने पोळलेले. ही गोष्ट इंग्रजी प्रवेशिकेला कशी कळावी?

आता शब्दांकडे वळू. ‘हवा’ हा शब्दच अरबी. त्याला आपले संस्कृत ‘मान’ जोडून आपण ‘हवामान’ केले, आणि भाषाशुद्धीच्या ऐन भरातही तो जोड कोणाला उसवता आला नाही. तापमानाला अरबीत ‘दरजत अल्-हरारा’ म्हणतात. यातला दरजा म्हणजे आपला दर्जा, पायरी. उष्णतेची पायरी किती, हा प्रश्न. कैरोच्या रस्त्यावर उकडू लागले की लोक ‘अद्-दुन्या हर्र’ म्हणतात. दुनियाच गरम झाली! पाऊस आला तरी तिथे दुनियाच पाऊस पाडते. ‘दुनिया’ हा शब्द न कळणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे.

आणि शेतकऱ्याचे काय सांगू! त्याची वर्षाची दोन्ही पिके अरबी नावांनी उभी आहेत. खरीप हा अरबी ‘खरीफ’, म्हणजे शरद ऋतू. रब्बी हा ‘रबीअ’, म्हणजे वसंत. एक पीक शरदात हाती येते, दुसरे वसंतात, म्हणून ती नावे पडली. गंमत अशी की ओमानमधल्या धोफार प्रांतात, सलाला शहराच्या परिसरात, खरीफ हे पावसाळ्याचेच नाव आहे. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तिथे झिमझिम पडते, डोंगर हिरवे होतात, आणि बाकीच्या आखातातली कुटुंबेच्या कुटुंबे गाड्या भरून तिथे भिजायला जातात. हा पाऊस कुठला? जो नैर्ऋत्य मोसमी वारा आपल्या कोकणाला झोडपतो, त्याचीच ती एक झुळूक. आणि तो ‘मोसम’ तरी कोणाचा? अरबी ‘मौसिम’. व-स-म या धातूचा अर्थ खूण करणे, डाग देणे. मौसिम म्हणजे ठरलेली, खूण केलेली वेळ. गलबते कोणत्या वाऱ्यावर हाकारायची आणि कोणत्या वाऱ्यावर परतायची, त्या वेळा. पंधराव्या शतकातल्या इब्न माजिद या अरब खलाशाने आपल्या ग्रंथांत या मौसिमांचे दिवस मोजून दिले आहेत. त्याच्याही कितीतरी आधी, दहाव्या शतकाच्या आरंभी, अल्-मसऊदी हा प्रवासी आपल्या चौलला येऊन गेला. चौलला तो सैमूर म्हणतो. तात्पर्य, आमची ही ओळख हजार वर्षांची आहे, आणि आम्हांला पुन्हा परिचय करून द्यायला मध्यस्थ नेमला आहे तो लंडनचा!

कोणी म्हणेल, शब्द सारखे असले तरी अर्थ सरकलेले असतात. अशाने पोरे घसरतील. बरोबर आहे. म्हणूनच तर मराठीतून शिकवायला हवे. मोसम म्हणजे अरबीत हवा नव्हे. ‘तुफान’ तर त्याहून मोठा चकवा. अरबीत तूफान म्हणजे पूर, जलप्रलय. कुराणात नूहच्या वेळच्या प्रलयाला तोच शब्द आहे. वादळाला तिकडे ‘आसिफा’ म्हणतात. मराठीत सैल म्हणजे ढिले. अरबीत ‘सैल’ म्हणजे कोरड्या ओढ्यातून अचानक सुटलेला पाण्याचा लोंढा. मराठी माणूस नेमका कुठे घसरणार, हे इंग्रजी प्रवेशिका सांगू शकणार नाही. वाटेतला खड्डा त्या वाटेने चालणाऱ्यालाच ठाऊक.

व्याकरणाची भीती घालणारेही आहेत. त्यांना माझे सांगणे असे की हवेच्या चार वाक्यांत अरबी व्याकरणाचा अर्धा पाया येतो, फक्त तो दाखवावा लागतो. ‘अल्-जव्व हार्र’, हवा गरम. यात ‘आहे’ कुठे आहे? नाही! अरबीत वर्तमानकाळी त्याची गरज नसते. आपणही घाम पुसत ‘आज हवा गरम!’ म्हणून मोकळे होतो. ‘अल्’ आणि ‘शम्स’ मिळून ‘अश्-शम्स’ होते. अठ्ठावीस अक्षरांतली चौदा अक्षरे ही अशी आपल्या आधीच्या ‘ल’ला गिळणारी, आणि त्यांचे नावच मुळी सूर्याक्षरे. उरलेली चौदा चंद्राक्षरे. ती ‘ल’ला सुखाने नांदू देतात. सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी, हे ऐकले की वर्ग हसतो आणि जन्मभर विसरत नाही. आणि उकडायला लागले म्हणून ‘अना हार्र’ म्हणायचे नसते. हार्र म्हणजे तिखटसुद्धा, तेव्हा ‘मी तिखट’ असे म्हटल्यासारखे होईल. माणसाने ‘अना हर्रान’ म्हणावे. वर्गात पोरांच्या नुसते हे लक्षात आले की ती घरी जाऊन बहिणीला तिखट म्हणत सुटतात. धडा पाठ झाला!

इथवरचे सारे आपण विद्वत्तेची चैन म्हणून सोडून देऊ. पण माझ्या रागाचे खरे कारण निराळे आहे. रजेवर आलेला चिपळूणकडचा एक मुलगा मला भेटला. अरबीचे धडे त्याने जाण्यापूर्वी दुसरीकडे, त्याच कारंज्याच्या प्रवेशिकेतून, घेतले होते. आखातातल्या एका शहरात इमारतीच्या गच्चीवर काम करीत असता ऑगस्टमध्ये त्याचे डोके गरगरू लागले. मुकादम इजिप्तचा. मुलगा खाली बसला. मुकादमाने विचारले, काय झाले? मुलाने आठवून आठवून पाहिले. पुस्तकातली हवेविषयीची दोनच वाक्ये त्याला आठवली. हवा सुंदर आहे. सूर्य प्रकाशतो आहे. ती काही त्याने उच्चारली नाहीत. पण दुसरे काही येत नव्हते, म्हणून तो गप्प राहिला, आणि मुकादमाला तो कामचुकार वाटला. शेजारी काम करणाऱ्या एका मल्याळी माणसाने त्याचा चेहरा पाहिला, दोन शब्द मुकादमाला ओरडून सांगितले आणि याला सावलीत ओढले. ते शब्द होते, ‘दर्बत शम्स’.

दर्बत शम्स म्हणजे सूर्याचा तडाखा, आपण ज्याला ऊन लागणे म्हणतो ते. यातला ‘दर्ब’ आपल्याकडे ‘जरब’ होऊन आलेला आहे. सूर्याची जरब! आमच्या पोराला हा शब्द जन्मापासून येत होता, फक्त तो येतो हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याला बागेत फिरायला शिकवले होते.

म्हणून मी म्हणतो की हवेचा धडा हा फावल्या वेळच्या गप्पांचा धडा नाही. जो गच्चीवर उभा आहे त्याच्यासाठी तो जिवाचा धडा आहे. संयुक्त अरब अमिरातीत 2005 सालापासून उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. आजचा नियम 15 जून ते 15 सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन असा आहे. दुसऱ्या आखाती देशांतही असे नियम आहेत. हा कायदा कशाबद्दल आहे? हवेबद्दल! ज्याला तापमान, दुपार, सावली, पाणी हे शब्द येतात, त्याला आपला हक्क मागता येतो. ज्याला नुसते ‘जमील’ येते, त्याने काय मागावे?

पावसाचेही तेच. 16 एप्रिल 2024 रोजी अमिरातीत पाऊस झाला. अल्-ऐनजवळच्या खत्म अल्-शकला इथे चोवीस तासांच्या आत सुमारे 254 मिलिमीटर. तिथे 1949 पासून नोंदी आहेत, त्यांत असा पाऊस नव्हता. मुंबईकर हसेल. त्याने 26 जुलै 2005 ला सांताक्रूझचे 944 मिलिमीटर पाहिलेले आहेत. पण ज्या देशात वर्षाकाठी मोठ्या मुश्किलीने शंभर मिलिमीटर पडतो, तिथे एका दिवसात अडीच वर्षांचा पाऊस कोसळला तर काय होईल? दुबईचे रस्ते बुडाले, विमाने खोळंबली. अशा वेळी ‘सैल’ म्हणजे लोंढा आणि ‘वादी’ म्हणजे त्याची कोरडी वाट, हे ज्याला ठाऊक तो ओढ्याच्या पात्रात गाडी घालत नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. पहिले म्हणणे असे की आखातात हिंदीवर भागते, अरबी हवी कशाला? बाजारात भागते, हे मी मान्य करतो. पण दवाखान्यातला डॉक्टर सुदानचा निघाला किंवा मुकादम इजिप्तचा निघाला, तर काय करायचे? शिवाय, ज्याच्या देशात आपण वर्षानुवर्षे भाकरी खातो, त्याच्या आभाळाविषयी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलता न येणे हे मला तरी बरे दिसत नाही. मजुराला हुकूम कळावेत एवढीच भाषा पुरे, असे मालकाला वाटते. आपल्या पोरांविषयी आपल्यालाही तसेच वाटू लागले तर काय बोलावे?

दुसरे म्हणणे, कोणती अरबी शिकवायची? ग्रंथांची वेगळी, कैरोची वेगळी, बैरूतची वेगळी. खरे आहे. कैरोत ‘जव्व’चा ‘गव्व’ होतो. दमास्कस-बैरूतकडे ‘शिता’ म्हणजे हिवाळाही आणि पाऊसही, कारण तिथे पाऊस हिवाळ्यातच पडतो. पण नवशिक्याने एवढ्याने घाबरू नये. ‘मतर’ म्हटले की बगदादपासून मोरोक्कोपर्यंत पाऊस कळतो. सावंतवाडीची मराठी आणि नागपूरची मराठी एक नाही, म्हणून कोणी मराठी शिकायचे थांबले आहे काय?

तिसरे म्हणणे मोठ्या शहाण्यांचे. हवापाण्याच्या गप्पा म्हणजे रिकामपण, असे ते म्हणतात. या शहाण्यांनी एकदा कोकणातल्या एखाद्या घरी, आखातातून मुलाचा फोन येतो तेव्हा बसावे. आईचा पहिला प्रश्न, जेवलास का? आणि दुसरा, तिकडे ऊन फार आहे का रे? यात रिकामपण कुठे आले? ती माऊली हवेविषयी विचारीत नसतेच, ती पोराविषयी विचारीत असते. आणि पोरगा काय सांगतो? “नाही गं आई, बरी आहे हवा.” बाहेर पन्नास अंश असले तरी तो हेच सांगतो. अरबही हवेविषयी बोलताना उगाच बढाई मारीत नाही. उद्या पाऊस येईल म्हणताना तो ‘इन्शाअल्ला’ जोडतो. आपला शेतकरीही ‘देवाच्या मनात असेल तर’ म्हणतोच. ज्यांचे पोट आभाळावर अवलंबून, त्यांच्या तोंडी आभाळाची थट्टा येत नाही.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. मराठी मुलांसाठी अरबीची एक लहानशी प्रवेशिका मराठीतून लिहावी, आणि तिचा पहिलाच धडा हवेचा असावा. त्यात कारंजे नको. त्यात हवा, दर्जा, दुनिया, मौसिम, खरीफ, रबीअ ही घरची माणसे पहिल्या पानावर उभी असावीत आणि त्यांच्या अर्थांत कुठे फरक पडला आहे तेही सांगितलेले असावे. दुसऱ्या पानावर चार वाक्ये असावीत: अल्-जव्व हार्र, हवा गरम आहे. अना अत्शान, मला तहान लागली आहे. अना दायिख, मला चक्कर येते आहे. आणि दर्बत शम्स. ही चार वाक्ये पाठ झाल्याशिवाय कोणाही आईने पोराची पेटी भरू नये. मग तिसऱ्या पानावर खुशाल येऊ दे ‘अल्-जव्व हिलू’, पण ढगांच्या चित्राखाली!

आणखी एक पान जागा उरली तर ताऱ्यांना द्यावी. ऑगस्टच्या अखेरीस पहाटे दक्षिणेला सुहैल तारा दिसू लागला की आखातातले म्हातारे सांगतात, आता उन्हाचा जोर ओसरणार. हा सुहैल म्हणजे आपला अगस्ति. त्याच्या उदयाने पावसाळ्यातले गढूळ पाणी निवळते असे आपले जुने लोक म्हणत आले. एकाच ताऱ्याकडे पाहून त्यांनी ऊन मोजले, आपण पाऊस मोजला. ऑक्टोबरच्या मध्यावर तिकडे ‘वस्म’ सुरू होतो. तो मोसमाच्याच व-स-म या धातूचा, जमिनीवर हिरवी खूण उमटवणारा पहिला पाऊस. म्हणजे आपल्या अंगणात आकाशकंदील चढतो त्या सुमारास तिकडे लोक आभाळाकडे पाहू लागतात.

या दिवाळीत ज्या ज्या घरी आखातातून फोन येईल, त्या घरच्या आईबापांनी एकच करावे. पोराला हवा कशी आहे ते विचारून झाल्यावर म्हणावे, बाळा, तेच आता अरबीत सांग पाहू. त्याने ‘जमील’ म्हटले तर त्याला माझ्या नावाने रागवावे. ‘हार्र’ म्हटले तर समजावे की पोरगा खरे बोलायला शिकला, आणि पाणी पुरेसे पितोस ना, हे लगेच विचारून घ्यावे.